घरातल्या खोलीचं दार स्वतः बसवायचंय? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दार बसवण्याबद्दल जे प्रश्न परत परत येतात ते सगळे इथं एका जागी केलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असला तर तिथं प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा. एक गोष्ट आधीच सांगतो, दार बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा दारात नसतं, चौकटीत असतं. त्यामुळं दुकानात जायच्या आधी प्रश्न ३ आणि ४ तेवढे नक्की वाचा.

१. मला सुतारकाम येत नाही, तरी खोलीचं दार मी स्वतः बसवू शकेन का?

चौकट जुनी पण धड आहे आणि फक्त पल्ला (दाराची उघडझाप होणारी फळी) बदलायचाय, तर जमेल. हाताखाली एक माणूस, ड्रिल, धारेची पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी), रंधा (लाकूड तासायचा), गुण्या (काटकोन बघायचा) आणि ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन, उभं सरळ बघायला) एवढं असलं आणि घाई केली नाही की एका दिवसात एक दार होतं. चौकटच नवी घालायची असेल तर गवंडी आणि सुतार बोलवा, पण उभं राहून काय तपासायचं ते प्रश्न ८ मध्ये आहे. भिंत फोडून नवं दार काढायचं असेल तर आधी प्रश्न १८.

मेन डोअर यात धरलेलं नाही. ते जड असतं, त्यावर घराची सुरक्षा असते, ते जाणत्या सुताराकडूनच बसवून घ्या.

२. एका दाराला खर्च किती येतो?

भाव सारखे बदलतात म्हणून आकडा देत नाही, हिशोब कसा असतो ते सांगतो. फ्लश डोअर, म्हणजे दोन्हीकडून सपाट प्लायचं तयार दार, स्क्वेअर फुटावर विकतात. ७ बाय ३ चं दार म्हणजे २१ स्क्वेअर फूट. साइझ साधारण तीन-तीन इंचाच्या टप्प्यानं येतात, तुमचं माप मधलं असेल तर वरच्या टप्प्याचे पैसे लागतात आणि उरलेलं कापून जातं. सुताराची मजुरी बहुतेक वेळा नगावर असते, तेव्हा लॉक बसवणं, सनमायका चिकटवणं, जुनं दार काढणं हे त्यात धरलंय का ते आधीच बोलून घ्या, नंतर वाद नको.

पैसे वाचवायचेच असतील तर हँडल साधं घ्या, बिजागऱ्यांवर वाचवू नका. दाराचं सगळं वजन त्यांच्यावर असतं.

३. दाराचं माप नेमकं कुठून कुठपर्यंत घ्यायचं?

जुन्या पल्ल्याचं माप घेऊ नका, तो आधीच कितीदा रंधून कमी झालेला असतो. माप चौकटीचं घ्यायचं आणि तेही चौकटीत पल्ला बसायला जी खाच असते तिच्या आतून. रुंदी तीन ठिकाणी मोजा, वर, मध्ये आणि खाली. उंची दोन्ही बाजूंनी मोजा. रुंदी सगळीकडं सारखी भरली तर चौकट चांगली, पण तसं क्वचितच होतं.

समजा रुंदी वर ९०६ मिमी, मध्ये ९०३ आणि खाली ९०५ आली. सगळ्यात कमी धरायची, म्हणजे ९०३. दोन्ही बाजूंना एक-एक सूत फट लागते, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिमी. तर पल्ला झाला ८९७ मिमी. उंचीत वर एक सूत आणि खाली दोन ते तीन सूत सोडा, खोलीत पायपुसणं किंवा गालिचा असेल तर थोडं जास्त. खाचेची खोलीपण बघून ठेवा, ३० मिमीच्या पल्ल्यासाठी केलेल्या खाचेत ३५ मिमीचा पल्ला घेतला तर तो बाहेर येतो आणि लॉकची पट्टी जुळत नाही.

माप कागदावर लिहा, फोटो काढा आणि कुठल्या बाजूला बिजागरी आहे तेपण लिहून ठेवा.

४. चौकट सरळ आहे की वाकडी, हे घरच्या घरी कसं कळणार?

तीन गोष्टी बघायच्या. पहिलं, ओळंबा. दोन्ही उभ्या लाकडांना समोरून आणि आतल्या बाजूनं ओळंबा लावा, दोरी आणि लाकूड यातलं अंतर वर आणि खाली सारखं पाहिजे. दुसरं, कर्ण. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत आणि मग उलटं मोजा, दोन्हीत सूत-दीड सूत फरक असला तर चालतं, त्याच्यापुढं गेला तर पल्ला सरळ काटकोनात बसणार नाही, चौकटीच्या आकारात कापावा लागेल.

तिसरं बरेच जण बघत नाहीत आणि तिथंच फसतात. चौकटीला पीळ असतो, म्हणजे एक उभं लाकूड खोलीच्या आत झुकलंय आणि दुसरं बाहेर. ओळंब्यात हे थोडंच दिसतं. चारही कोपऱ्यांना खिळे मारून दोन दोऱ्या तिरप्या ताणा, मध्यावर त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. दोन्हीमध्ये अंतर राहिलं किंवा एक दोरी दुसरीला दाबायला लागली (तेव्हा दोऱ्या खाली-वर करून परत बघा), तर चौकट पिळलेली आहे. अशा चौकटीत पल्ला वरून टेकतो आणि खालून अर्धा इंच बाहेर राहतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या दाराला लागतो. पीळ थोडा असेल तर खालची बिजागरी चौकटीवर किंचित पुढं-मागं सरकवून भागतं, जास्त असेल तर चौकटच सोडवून परत बसवावी लागते.

५. फ्लश, मेम्ब्रेन, पॅनेल, पीव्हीसी, डब्ल्यूपीसी... यातलं कुठलं घ्यावं?

बेडरूम, देवघर, स्टोअरला चांगलं सॉलिड फ्लश डोअर घ्या, ३० किंवा ३२ मिमी पुरतं. त्यावर आयएस २२०२ चा मार्क बघा, फ्लश डोअरचं भारतीय मानक ते आहे. आत भुसा-चुरा भरलेली हलकी दारंही मिळतात, टिचकी मारली की पोकळ आवाज येतो, त्यात स्क्रू धरत नाहीत.

मेम्ब्रेन दार दिसायला छान असतं पण ते एमडीएफवर (लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेला बोर्ड) प्लॅस्टिकची फिल्म दाबून केलेलं असतं, त्याची कड रंधली की फिल्म सुटायला लागते. म्हणून ते मापातच करून घ्यायचं, वाकड्या चौकटीला घेऊच नका. सागवानी पॅनेलचं दार आयुष्यभर टिकतं, पण आपल्याकडच्या हवेत ते हलतं, ते प्रश्न ६ मध्ये आहे. पीव्हीसी (प्लॅस्टिक), डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक) आणि एफआरपी (फायबर) ही बाथरूमची दारं, प्रश्न १५.

६. उन्हाळ्यात दाराला फट पडते आणि पावसाळ्यात तेच दार अडकतं. सोलापुरातच असं का होतं?

सगळीकडंच होतं, आपल्याकडं जास्त जाणवतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा एकदम कोरडी पडते, लाकडातली ओल निघून जाते आणि लाकूड आकसतं. मग पाऊस येतो, आपल्याकडचा जोराचा पाऊस तर बऱ्याचदा सप्टेंबरात पडतो, तेव्हा तेच लाकूड ओल ओढून फुगतं. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून दाराची रुंदी वाढते आणि उंची तेवढीच राहते. फ्लश डोअरमध्ये प्लायचे थर आडवे-उभे असतात, त्यामुळं ते अखंड लाकडाच्या दारापेक्षा कमी हलतं.

यावर उपाय एकच आणि तो स्वस्त आहे, पण दहातली नऊ दारं त्याच्याशिवाय बसवलेली दिसतात. दाराला सहा बाजू असतात. पुढची-मागची बाजू आपण रंगवतो किंवा सनमायका लावतो, उभ्या दोन कडा रंगवतो, आणि वरची कड अन् खालची कड कोरीच राहते कारण ती कुणाला दिसत नाही. लाकूड ओल ओढतं ते याच दोन कडांनी. दार बिजागरीला लावायच्या आधी खालच्या कडेला प्रायमर आणि रंगाचे किंवा पॉलिशचे दोन हात मारा, वरच्या कडेलाही मारा. लॉकसाठी पाडलेलं भोक आणि बिजागरीच्या खाचासुद्धा कोऱ्या ठेवू नका. दार लागल्यावर खालची कड रंगवायला परत काढावं लागतं म्हणून हे आधीच करायचं.

आता दुसरं कारण. सोलापूरच्या बऱ्याच भागात खाली काळी माती आहे, ती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर घर वर्षभर किंचित हलतं आणि चौकट कर्णात सरकते. ओळखायचं असं, दार अडकतंय आणि चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरपी भेगपण गेलीय, तर प्रश्न लाकडाचा नाही, पायाचा आहे. तिथं दार रंधून काही उपयोग नाही, इंजिनिअरला दाखवा, आणि घराभोवती पाणी साचत असेल तर ते आधी बंद करा.

७. मग दार बसवायला कुठला महिना चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा मधली असते, लाकूडपण मधल्या मापात असतं. दिवाळीच्या आधीचे दिवस टाळा, सगळ्या गावाचं रंगकाम आणि फर्निचर तेव्हाच चालू असतं आणि सुतार सापडत नाही. मेमध्ये बसवावंच लागलं तर फट सुतापेक्षा जरा जास्त ठेवा, दार पुढं फुगणार आहे. सप्टेंबरात बसवलं तर फट थोडी घट्ट चालते. आणलेलं दार चार-पाच दिवस ज्या खोलीत लावायचंय तिथंच सपाट आडवं ठेवा, खाली तीन सारख्या लाकडी पट्ट्या टाकून. भिंतीला तिरकं टेकवून ठेवलं तर त्याला बाक येतो आणि तो परत निघत नाही.

८. मिस्त्री नवी चौकट बसवतोय, मी काय बघू?

चौकट उभी करताना खाली आणि मध्यात दोन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या पाहिजेत, नाहीतर सिमेंट भरताना उभी लाकडं आत दबतात आणि मध्ये रुंदी कमी होते. भिंतीकडच्या बाजूला आधीच डांबर किंवा प्रायमर लावलेला पाहिजे. दर बाजूला तीन होल्डफास्ट (चौकटीला लावून भिंतीत गाडायच्या लोखंडी पट्ट्या), किंवा भिंत तयार असेल तर तीन लांब अँकर फास्टनर (भिंतीत घट्ट बसणारे बोल्ट). काही जण नुसत्या पीयू फोमवर चौकट उभी करतात, फोम फट भरायला ठीक आहे, पण जड पल्ल्याचं वजन त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका. सिमेंट भरायच्या आधी प्रश्न ४ मधल्या तिन्ही तपासण्या तुमच्या डोळ्यासमोर करून घ्या, भरल्यावर काही करता येत नाही. आणि पल्ला लगेच लावू नका, सिमेंट नीट धरू द्या, पाणी मारून झालं की भिंत वाळू द्या.

९. बिजागऱ्या किती लागतात आणि कुठं लावायच्या?

७ फुटी फ्लश डोअरला तीन, ४ इंची, स्टेनलेस स्टीलच्या. असं दार सहज तीस किलो किंवा जास्त भरतं. वरची बिजागरी वरच्या कडेपासून ७ इंचावर, खालची खालच्या कडेपासून ९-१० इंचावर, तिसरी बरोबर मध्ये. दार खूप जड असेल तर मधली जरा वर सरकवा, कारण दार लटकताना वरची बिजागरी ओढली जाते आणि खालची दाबली जाते, ताण सगळा वर असतो. पीव्हीसीच्या हलक्या दारालाही तीनच लावा, वजनासाठी नाही, दार वाकू नये म्हणून.

१०. बिजागरीची खाच पटाशीनं कशी काढायची? माझी नेहमी जास्त खोल जाते.

बिजागरी जागेवर धरून तीन बाजूंनी धारदार ब्लेडनं रेघ मारा, पेन्सिलनं नाही. ब्लेडची रेघ लाकडाचे तंतू कापते, त्यामुळं कड फाटत नाही. मग पटाशी उभी धरून त्या रेघेवर हलके ठोके द्या. आता आतल्या भागात दर पाव इंचावर आडवे ठोके, खोली बिजागरीच्या पत्र्याएवढीच. नंतर पटाशी आडवी, सपाट बाजू खाली, आणि हातानं दाबत पापुद्रे काढायचे. हातोडी इथं बाजूला ठेवा, खोल जाते ती हातोडीमुळंच. मधून मधून बिजागरी ठेवून बोट फिरवा, पत्रा आणि लाकूड एका पातळीत लागलं की थांबा. तरी खोल गेलीच तर बिजागरीखाली पुठ्ठ्याची पट्टी घाला, सुतारसुद्धा तेच करतात.

स्क्रूच्या आधी भोक पाडायचंच. ८ नंबरच्या दीड इंची स्क्रूला अडीच ते तीन मिमीचं बिट लावा, सागवान किंवा सालासारखं टणक लाकूड असेल तर तीनच. स्क्रूला थोडा साबण किंवा मेण लावलं की सरळ जातो. डोकं बिजागरीच्या पातळीत बसलं पाहिजे, वर राहिलं तर दार लागताना अडतं.

११. एवढं जड दार उभं करून बिजागरीला लावायचं कसं?

बिजागऱ्या आधी पल्ल्याला लावून घ्या. मग दार चौकटीच्या काटकोनात, उघड्या अवस्थेत उभं करा आणि खाली लाकडाच्या दोन पाचरा सरकवा. पाचर ठोकून दार हवं तेवढं वर-खाली होतं. टाइल खराब होऊ नये म्हणून खाली जुनी चादर टाका, पण ती घडी न घालता, नाहीतर उंचीचा अंदाज चुकतो.

वरची बिजागरी जुळली की तिला एकच स्क्रू, मग खालच्या आणि मधल्या बिजागरीलाही एक-एकच स्क्रू. आता दार हळूच लावून बघा, फट सगळीकडं सारखी आहे का, कुठं टेकतंय का. पटलं की बाकीचे स्क्रू. सगळे स्क्रू आधीच आवळले आणि मग दार घासलं तर सगळं सोडवावं लागतं आणि भोकं सैल होतात. लॉकच्या बाजूची कड आतल्या अंगाला किंचित तिरपी रंधून घ्या, अर्ध्या-पाऊण सुताचा उतार, म्हणजे बंद होताना ती चौकटीला घासत नाही. आणि एकट्यानं करू नका, दार पायावर पडलं तर बोटं मोडतात.

१२. लॉक आणि हँडल कुठल्या उंचीवर?

जमिनीपासून ३ फूट ते ३ फूट ३ इंच. घरातल्या बाकीच्या दारांशी जुळवा, वेगळी उंची डोळ्याला खुपते. गोल मुठीच्या लॉकला ५४ मिमीचं होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) आणि कडेला २५ मिमीचं भोक लागतं, कडेपासून मध्यापर्यंत बहुतेक ६० मिमी. डब्यात कागदी साचा असतो, तो चिकटवून भोकं मारा. होल सॉ एका बाजूनं आरपार नेऊ नका, मधलं बिट पलीकडं दिसलं की दुसऱ्या बाजूनं पूर्ण करा, नाहीतर सनमायका उडतो. मॉर्टाइज लॉकसाठी मात्र दाराच्या कडेत खोल खोबण काढावी लागते, पहिल्या दाराला ते करू नका.

१३. दार बसवलं, पण घासतंय, किंवा परत उघडतं, किंवा कडीच लागत नाही. रंधा मारू का?

लगेच नको. आधी दुखणं ओळखा.

वरचा, लॉककडचा कोपरा घासतोय: वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा. फरक पडला नाही तर त्यातला एक काढून तिथं ३ इंची स्क्रू मारा. तरी नाही तर खालच्या बिजागरीखाली चौकटीच्या बाजूला पुठ्ठा घाला, त्यानं खालचा भाग पुढं ढकलला जातो आणि वरचा कोपरा उचलला जातो. खालचा कोपरा चौकटीला घासत असेल तर हेच उलटं, पुठ्ठा वरच्या बिजागरीखाली.

दार लावलं की स्प्रिंग असल्यासारखं परत येतं: बिजागरीची खाच जास्त खोल आहे किंवा स्क्रूची डोकी वर आहेत. प्रश्न १० बघा. जोर लावून कडी घालत राहिलात तर स्क्रू उपटून येतील.

आपोआप उघडतं किंवा आपोआप लागतं: चौकट ओळंब्यात नाही. थोडंसं असेल तर मॅग्नेटचा कॅचर लावा. बिजागरीची पिन निघणारी असेल तर ती काढून हातोडीनं अगदी किंचित वाकवून परत घाला, दार जिथं सोडाल तिथं थांबतं.

कडी किंवा लॉकची जीभ बसत नाही: जिभेला खडू लावा, दार दाबा, चौकटीवरच्या पट्टीवर खूण उमटते, तेवढंच कानशीनं घासा.

हे सगळं करून झाल्यावर मग रंधा, आणि सप्टेंबरात तर तेव्हाही नको. फुगलेलं दार रंधलं की जानेवारीत त्याच जागी बोट जाईल एवढी फट दिसते. ऑक्टोबर संपेपर्यंत थांबा. रंधलात तर ती कड त्याच दिवशी रंगवा.

१४. बिजागरीचे स्क्रू सारखे ढिले होतात. आमच्या घरात खाली माग चालतात, त्याचा संबंध असेल का?

असू शकतो. पूर्व भागात घरातच किंवा शेजारी यंत्रमाग असलेली घरं भरपूर आहेत, दिवसभराच्या हादऱ्यानं स्क्रू हळूहळू सुटतो. भोक मोठं झालं असेल तर अगरबत्तीच्या बांबूच्या काड्या साफ करून, फेविकॉलमध्ये बुडवून भोकात घट्ट ठोका, एक रात्र वाळू द्या, मग सपाट कापून नवीन भोक पाडा. पुठ्ठा किंवा कागद कोंबून काही होत नाही. याशिवाय दर बिजागरीत चौकटीच्या बाजूला एक लांब स्क्रू असा मारा की तो चौकटीतून भिंतीत जाईल, तिथं प्लॅस्टिकचा प्लग बसवून.

१५. बाथरूमचं दार खालून कुजतं. काय लावू?

लाकूड किंवा साधं फ्लश लावूच नका. डब्ल्यूपीसी किंवा एफआरपी घ्या, बजेट कमी असेल तर पीव्हीसी. आपल्याकडं नळाला काही दिवसांच्या आड पाणी येतं, बाथरूममध्ये बॅरल, टाकी, घागरी भरून ठेवाव्या लागतात, पाणी आलं त्या दिवशी दार तासन् तास भिजत राहतं. जुनं फ्लश डोअर आहे आणि बदलायचं नाही, तर काढून वाळवा, कुजलेला भाग कापा, खालची कड प्रश्न ६ प्रमाणं बंद करा आणि आतून खालच्या फूटभर भागावर ॲल्युमिनियमचा पत्रा सिलिकॉननं चिकटवा.

रुंदीचा विचार पण याच पाण्यामुळं करायचा. २०० लिटरचं बॅरल साधारण २३ इंच रुंद असतं. चौकट बाहेरून अडीच फुटाची असेल तर दोन्हीकडचं अडीच-अडीच इंच लाकूड जाऊन २५ इंच राहतात, त्यात उघडा पल्ला आणि कडी थोडं खातात, बॅरल जेमतेम सरकतं. सव्वादोन फुटाच्या चौकटीतून ते जाणारच नाही. नवं घर बांधताय तर हे आधी बघा.

१६. चौकट ग्रॅनाइटची आहे. बिजागरी कशी धरणार?

बाथरूमला ग्रॅनाइटची चौकट चांगलीच, कुजत नाही, वाळवी लागत नाही. पण यात भोक पाडायला दगडाचं बिट पाहिजे, ड्रिलचा हॅमर (ठोके मारत फिरणं) बंद ठेवून, पाणी टाकत, हळू. हॅमर चालू ठेवला तर दगड कडेला तडकतो. कडेपासून इंचभर तरी आत भोक घ्या. भोकात नायलॉनचा प्लग आणि स्टेनलेसचा स्क्रू. शहाबादी फरशीची चौकट असेल तर अजून जपून, तिचे थर सुटतात, तिथं मशीनवाल्याकडूनच भोकं पाडून आणा.

१७. टाइल बदलायची आहे. आधी टाइल की आधी दार?

आधी टाइल. जुन्या फरशीवरच नवी टाइल टाकली तरी पाऊण ते एक इंच उंची वाढते, मसाल्यावर टाकली तर दोन इंचापर्यंत. दार आधीच घेतलं असेल तर खालून कापावं लागतं. सॉलिड फ्लश डोअर खालून थोडं कापता येतं, पण कडेच्या लाकडी पट्टीची रुंदी बघून, ती संपली की आतला भराव उघडा पडतो. कापायच्या रेघेवर मास्किंग टेप लावा आणि ब्लेडनं रेघ खोल मारा, म्हणजे सनमायकाचे टवके उडत नाहीत. मेम्ब्रेन दार कापू नका.

१८. दोन खोल्यांमध्ये भिंत फोडून नवं दार काढायचंय, चालेल का?

भिंत कसली आहे त्यावर आहे. कॉलम-बीमच्या घरात आतली ४ इंची पडदी असेल तर बहुतेक वेळा चालतं, तरी इंजिनिअरला दाखवा. काही नवीन अपार्टमेंटमध्ये आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, त्यांना हात लावायचा नाही.

पेठांमधली जुनी घरं वेगळी. दगड-मातीची दीड-दोन फूट जाड भिंत, वर माळवद किंवा नंतर टाकलेला स्लॅब, सगळं वजन त्या भिंतीवर. १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपात शेजारच्या जिल्ह्यांत अशाच भिंती कोसळल्या आणि माणसं त्यांच्या खाली गेली. अशा भिंतीत भोक पाडण्याआधी वरचं वजन टेकू देऊन उचलून धरावं लागतं, लिंटेल (दारावरची आडवी तुळई) दोन्ही बाजूंना पुरेसा आत घ्यावा लागतो, सहा इंच तर कमीत कमी, जुन्या भिंतीत जास्त. हे बिगाऱ्यानं घण मारून करायचं काम नाही. कृपा करून इंजिनिअरशिवाय सुरू करू नका.

१९. घरात आजी आहेत, वॉकर वापरतात. दारात काय बदल करावा?

पहिलं म्हणजे बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करा. आत कुणी पडलं आणि दार आत उघडणारं असलं तर पडलेल्या माणसामुळंच ते उघडत नाही. थोडं पाणी बाहेर ठिबकेल, ठिबकू द्या. आतून टॉवर बोल्ट (सरकवायची कडी) नको, बाहेरून नाणं घालून उघडता येणारं लॉक लावा. गोल मुठीऐवजी लांब हँडल, ते कोपरानंही दाबता येतं. खोल्यांचे उंबरे काढा, बाथरूमचा ठेवावा लागतो, पण त्याला दोन्हीकडून उतार द्या. नवी चौकट घालताय आणि व्हीलचेअर लागण्याची शक्यता आहे तर मोकळी जागा ९०० मिमी धरा.

२०. चौकटीला वाळवी लागलीय, फक्त पल्ला बदलला तर?

नवीन पल्लापण खाईल. स्क्रूड्रायव्हरनं चौकटीचा पाय टोचून बघा, आत गेला तर लाकूड पोकळ आहे. वाळवी जमिनीतून मातीच्या बारीक नळ्या करत वर येते, म्हणून आधी तिचा बंदोबस्त पेस्ट कंट्रोलवाल्याकडून करून घ्या, मग चौकट बदला. खालचाच फूटभर खराब असेल तर तेवढा कापून तिथं ग्रॅनाइटचा तुकडा लावतात, चांगलं टिकतं. नुसता वरून रंग मारणं म्हणजे वाळवी झाकून ठेवणं.

२१. एसीसाठी दाराच्या सगळ्या फटी बंद करतोय, चालेल ना?

बेडरूमला चालेल. कडांना रबरी पट्टी, खाली ब्रश किंवा रबराचं सील, मे महिन्यात फरक लगेच कळतो, धूळपण कमी येते. सील लावल्यावर दार लागताना जोर लागत असेल तर पट्टी जाड झाली, पातळ घ्या.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर त्या दाराच्या फटी अजिबात बंद करू नका. तिथं कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस बेशुद्ध होतो आणि दगावतो. खरं तर गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत पाहिजे. तो बाहेर जाईपर्यंत खिडकी उघडी ठेवा आणि दाराला खाली जाळी बसवा.

२२. आमचं जुनं घर आहे, दार साडेपाच फुटाचं, दोन पल्ल्यांचं आणि बिजागरीशिवाय फिरतं. तिथं फ्लश डोअर बसेल का?

बसवता येईल, पण आधी थांबा. असं दार लाकडी खुंटीवर फिरतं, पल्ल्याच्याच लाकडाची खुंटी वर चौकटीच्या आणि खाली उंबऱ्याच्या खोबणीत बसवलेली असते. अशी दारं बहुतेक जुन्या सागवानाची असतात, तसं लाकूड आता त्या पैशात मिळत नाही, आणि फ्लश डोअर घालायला ती चौकट तोडावी लागते, म्हणजे जाड भिंतीतला वरचा लाकडी तुळवा हलतो आणि विषय प्रश्न १८ वर जातो.

शक्यतो दार दुरुस्त करा. खालची खुंटी झिजल्यामुळंच पल्ला खाली बसतो आणि उंबऱ्याला घासतो. दोघांनी पल्ला सरळ वर उचलून बाहेर काढायचा, खोबण साफ करायची, तळाशी स्टीलचा जाड वायसर (वॉशर) टाकायचा आणि ग्रीस घालून पल्ला परत बसवायचा. वायसर किती जाड हे वरची खुंटी किती आत राहते ते बघून ठरवा, ती निम्म्यापेक्षा जास्त आत पाहिजे. खुंटीच तुटली असेल तर सुताराकडून त्याच जातीच्या लाकडाची नवी खुंटी सांधून मिळते. ठेंगणेपणाचा त्रास असेल तर वरच्या लाकडाला आतून-बाहेरून फोमची पट्टी लावा, पाहुण्यांचं डोकं तिथंच आपटतं.